जॅझ ट्रॉम्बोनची जुनी पुस्तकं आणि त्यांच्यामागची धडपड

ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याला ना पट्ट्या, ना पडदे. एका नळीवर दुसरी नळी सरकते, तिच्या सात जागा, आणि पहिलीपासून सातवीपर्यंतचं अंतर जवळजवळ दोन फूट. मींड हवी तेवढी घ्या. पण जलद तान आली की पंचाईत. ट्रम्पेटवाला बोटाच्या टोकाने जे करतो ते इथे अख्ख्या हाताने करावं लागतं. त्यातून वाट एवढीच, की काही सूर एकाहून अधिक जागी सापडतात. मधला बी-फ्लॅट पहिल्या जागेवर मिळतो तसा पाचवीवरही, त्याच्या वरचा डी पहिलीवर आणि चौथीवर. कोणता सूर कुठे घ्यायचा, हे प्रत्येक मोठ्या वादकाने आपापल्या परीने सोडवलं. जुन्या पुस्तकांची ओढ आहे ती या उत्तरांसाठी.

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विद्यार्थ्याला पुस्तकांची वाण नव्हती. अर्बांचं 1864 चं कॉर्नेटचं पुस्तक पुढे ट्रॉम्बोनसाठी बेतून घेतलं गेलं. बॉस्टन सिंफनीतल्या जोआनेस रोशू यांनी बोर्दोन्यींच्या गायनाच्या धड्यांवरून स्वराभ्यास तयार केले. दोन्ही आजही सहज मिळतात. पण कॉर्नेट हे झडपांचं वाद्य आणि बोर्दोन्यींचे धडे गळ्यासाठी. जॅझचा सोलो, म्हणजे एकट्याने आयत्या वेळी रचत वाजवायचा भाग, कसा बांधायचा, हे दोन्हीत नाही.

ते शिकायचं तबकडीवरून. प्रकाशकांना यातला धंदा लवकर उमगला. 1927 मध्ये शिकागोच्या मेलरोज कंपनीने लुई आर्मस्ट्राँगच्या ‘ब्रेक’चं पुस्तक काढलं. ब्रेक म्हणजे सगळा बँड थांबतो आणि एकटा वादक एक-दोन मात्रावर्तनं वाजवून जातो ती जागा. त्यासाठी आर्मस्ट्राँगने मुद्दाम मेणाच्या नळकांड्यांवर वाजवलं होतं. नळकांडी हरवली, कागद राहिला. त्याच कंपनीने तेव्हा विशीत असलेल्या ग्लेन मिलरच्या नावाने ट्रॉम्बोनचे 125 ब्रेकही छापले.

1940 च्या दशकात बीबॉप ही जॅझची वेगवान, गुंतागुंतीची शैली आली आणि सगळं गणित बदललं. इंडियानापोलिसचा जे. जे. जॉन्सन इतकं स्वच्छ आणि वेगाने वाजवू लागला, की तो सरकनळीचा नव्हे, झडपांचा ट्रॉम्बोन वाजवतो असं ऐकणाऱ्यांना वाटे. त्याचे सोलो कागदावर उतरवणं म्हणजे तबकडी निम्म्या वेगाने, मिनिटाला 33 फेऱ्यांऐवजी 16 वर फिरवायची आणि एक सप्तक खाली गेलेल्या खर्जातून सूर वेचायचे. ट्रॉम्बोन मुळातच खालचा, त्यामुळे ही शिक्षाच.

असं काम नेटाने केलं ते डेव्हिड बेकर यांनी. तेही इंडियानापोलिसचे, मूळचे ट्रॉम्बोनवादकच. मोटार अपघातात जबड्याला इजा झाल्याने पुढे वाद्य सोडून त्यांना चेलोकडे वळावं लागलं. इंडियाना विद्यापीठात जॅझचा अभ्यासक्रम उभारताना त्यांनी 1973 मध्ये ट्रॉम्बोनच्या ध्वनिमुद्रित सोलोंचं स्वरलेखन आणि विश्लेषण असलेलं पुस्तक काढलं. ज्याला आपलं वाद्य वाजवता येईना, त्याने इतरांच्या सोलोंची नोंद ठेवावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

अशी पुस्तकं दुर्मीळ झाली ती वाईट होती म्हणून नव्हे. मुळात गिऱ्हाईक थोडं: सॅक्सोफोनच्या मानाने ट्रॉम्बोन शिकणारे कमी, त्यातही जॅझकडे वळणारे आणखी कमी. त्यात सोलो ज्या गाण्यावर बेतलेला, त्या गाण्याचे हक्क तिसऱ्याच कुणाकडे. छोटा प्रकाशक बंद पडला की पुनर्मुद्रणाची परवानगी मागायची कुणाकडे, हाही प्रश्न. अमेरिकी कायद्याप्रमाणे त्या काळच्या छापील पुस्तकाचा हक्क 95 वर्षं टिकतो. म्हणजे 1973 चं पुस्तक 1 जानेवारी 2069 ला मोकळं होणार. तोवर कुणाच्या तरी निवृत्त शिक्षकाच्या कपाटातली प्रत हाती लागते, आणि तिच्यात स्वरांच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे असतात: 5, 4, मग पुन्हा 1.