खुर्च्या रिकाम्या, म्हणून क्लब कंगाल?

नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावर शनिवारी इंग्लंडमधल्या फुटबॉल लीगची मॅच संपली की मोबाइलवर एक फॉरवर्ड मेसेज हमखास फिरतो: ‘त्या छोट्या क्लबच्या खुर्च्या बघा, दिवाळं निघालंय!’

टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये लहान क्लबचा मोठा आधार असतो प्रक्षेपणाचा पैसा. देशांतर्गत प्रक्षेपण हक्कांतली निम्मी रक्कम २० क्लबांत सारखी वाटली जाते, मैदान भरो न भरो. खालच्या लीगमध्ये मात्र तिकिटांचा वाटा खरंच मोठा असतो, तेव्हा क्लब कुठल्या लीगमध्ये आहे हे आधी बघा.

प्रेक्षकसंख्येचंही तसंच. जाहीर होणारा आकडा बहुधा विकलेल्या तिकिटांचा असतो. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी तो त्यात मोजला जातो, पैसे तर त्याने आधीच भरलेले असतात.

पडताळायचं कसं? तिथले बहुतेक क्लब कंपन्या आहेत. त्यांचे वार्षिक हिशेब तिथल्या सरकारी कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर नाशकात बसूनही फुकट वाचता येतात. उत्पन्नाची फोड, पगारावरचा खर्च आणि कर्ज एवढं पाहा. एका वर्षाचा तोटा पुरेसा पुरावा नाही, तीन-चार वर्षं शेजारी ठेवा. मालक पैसे ओततोय का, तेही त्यातच कळतं.