सही खरी, नाव दुसऱ्याचं

नवं ॲप उघडलं की ते पासवर्ड तयार करायला सांगतं, आणि खालीच सोपी वाट असते: ‘ॲपल वापरून साइन इन करा’. हेच सिंगल साइन-ऑन. तुम्ही कोण, याची चौकशी ॲप स्वतः करत नाही. ॲपलने दिलेला डिजिटल दाखला बघतं आणि आत घेतं. सगळी भिस्त त्या दाखल्यावर.

हा दाखला म्हणजे अक्षरांची लांबलचक माळ, दोन टिंबांनी तीन तुकड्यांत विभागलेली. पहिल्या तुकड्यात सही कोणत्या पद्धतीची, ते. मधल्यात मजकूर: दाखला कोणी दिला, कोणत्या ॲपसाठी, कधीपर्यंत चालेल, ईमेल कोणता. शेवटी ॲपलची डिजिटल सही. ती होते ॲपलच्या गुप्त किल्लीने, आणि पडताळता येते सर्वांना उपलब्ध असलेल्या जाहीर किल्लीने. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. अशी सही बनावट करणं जवळपास अशक्यच.

एप्रिल २०२० मध्ये भावुक जैन या भारतीय संशोधकाला दिसलं, की बनावट सहीची गरजच नाही. साइन इन करताना आपला ईमेल ॲपला दाखवायचा की लपवायचा, हे आपण निवडतो. ती निवड ॲपलच्या सर्व्हरकडे जाते, तेव्हा सोबत ईमेलही जातो. जैन यांनी तिथे भलताच ईमेल घातला. सर्व्हरने मुकाट्याने त्याच ईमेलचा दाखला सही करून दिला!

तहसील कचेरीत रांगेतल्या माणसाने शेजाऱ्याचं नाव सांगावं आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या नावाचा शिक्क्यानिशी दाखला मिळावा, तसंच हे. शिक्का खरा, म्हणून पुढे कोणी अडवत नाही. समोरचा कोण, हे सर्व्हरला ठाऊक होतं. ‘मागितलेला ईमेल याचाच आहे का?’ एवढंच त्याने विचारलं नाही. ॲक्सेस कंट्रोलमधली, म्हणजे कोणाला काय द्यायचं हे तपासण्यातली, चूक म्हणतात ती हीच, आणि मला ती पासवर्डचोरीपेक्षा भयंकर वाटते. इथे ज्याचं खातं जातं त्याच्या हातून काहीच चुकलेलं नसतं. त्याचं ॲपलवर खातं असण्याचीसुद्धा गरज नव्हती. ज्या ॲपनी स्वतःची वेगळी तपासणी ठेवली नव्हती, तिथली खाती या दाखल्याने पूर्ण ताब्यात घेता आली असती.

ॲपलने जुन्या नोंदी चाळल्या. गैरवापर झाल्याचं आढळलं नाही. भोक बुजवल्यानंतर, मे २०२० अखेरीस, जैन यांनी सगळा तपशील जाहीर केला. ॲपलने त्यांना १,००,००० डॉलरचं बक्षीस दिलं.