शर्मन, जॉन

(१० मे १८२३–२२ ऑक्टोबर १९००). अमेरिकेतील ओहायओ राज्याचा रिपब्लिकन सिनेटर (१८६१–७७, १८८१–९७), अर्थमंत्री (१८७७–८१) आणि परराष्ट्रमंत्री (१८९७–९८). सेनानी विल्यम टेकम्सी शर्मन हा त्याचा थोरला भाऊ.

शर्मनची खरी कामगिरी नोटांची. यादवी युद्धाच्या खर्चासाठी काढलेल्या ‘ग्रीनबॅक’ नोटांवर सोने मिळत नसे. साहजिकच त्या दर्शनी किमतीखाली चालत. १ जानेवारी १८७९ पासून मागेल त्याला सोन्याची नाणी द्यायची, असे १८७५ च्या कायद्याने ठरले. तारीख ठरली, पण तेवढे सोने तिजोरीत नव्हते. अर्थमंत्री झाल्यावर शर्मनने सरकारी रोखे विकून सुमारे ३४.६७ कोटी डॉलरच्या नोटांमागे १३ कोटींहून अधिक डॉलरचे सोने जमवले. सगळे नोटधारक एकाच दिवशी येत नाहीत, हा साधा पेढीचा हिशेब. ठरल्या दिवशी न्यूयॉर्कच्या सरकारी कोषागारात १,३५,००० डॉलरच्या नोटा सोन्यासाठी आल्या. उलट ४,००,००० डॉलरचे सोने देऊन लोकांनी नोटाच नेल्या!

१८९० चे दोन कायदे त्याच्या नावाने ओळखले जातात. त्यांपैकी मक्तेदारीविरोधी कायद्याचे त्याचे मूळ विधेयक सिनेटच्या न्यायसमितीने जवळजवळ नव्याने लिहिले. अंतिम मसुदा मुख्यतः एडमंड्स आणि होर या सिनेटरांचा. चांदी खरेदीचा कायदा ही तडजोड होती. आणेल त्याच्या चांदीची नाणी पाडून द्या, ही मागणी थोपवण्यासाठी सरकारने दरमहा ४५ लाख औंस चांदी नव्या नोटा देऊन घ्यायची. या नोटांवर सोने वा चांदी देण्याची मुभा होती, पण पत राखायला तिजोरी सोनेच देई. परिणामी चांदी साठत गेली आणि सोने बाहेर गेले. एप्रिल १८९३ मध्ये राखीव सोने १० कोटी डॉलरच्या, म्हणजे सुरक्षित मानल्या जाणाऱ्या किमान पातळीच्या, खाली उतरले. त्यातच २६ जूनला हिंदुस्थान सरकारने मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या आणि चांदीचा भाव कोसळला. १ नोव्हेंबरला खरेदीचे कलम रद्द झाले. शर्मनचेही मत रद्द करण्याच्याच बाजूने होते.

अध्यक्षपदाची उमेदवारी त्याला तीनदा हुकली. १८८० मध्ये तर पक्षाच्या अधिवेशनात त्याचे नाव मांडणारा गारफील्डच मतदानाच्या ३६ व्या फेरीत उमेदवार म्हणून निवडला गेला. १८९७ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लीने त्याला परराष्ट्रमंत्री केले, ते मुख्यतः सिनेटची जागा आपला प्रचारप्रमुख मार्क हॅना याच्यासाठी मोकळी व्हावी म्हणून. तोवर त्याची स्मरणशक्ती ढासळली होती; खात्याचे बरेचसे काम दुय्यम मंत्री विल्यम डे पाहत असे. स्पेनशी युद्ध सुरू होताच, एप्रिल १८९८ मध्ये, त्याने राजीनामा दिला.