भाच्याची सेगवे आणि माझी सेगवे

"मामा, सेगवे घेऊन यायलो, टेम्पोत जागा ठेवा." उदगीरहून भाच्याचा फोन. आमचा लातुरात मंडप-डेकोरेशनचा धंदा. नवरदेवाच्या एंट्रीसाठी एक जुनी सेगवे, म्हणजे हँडल धरून उभ्यानं चालवायची दोन चाकांची विजेवरची गाडी, बाळगून आहोत, तिला जोडी मिळणार म्हणून मी खूश. पठ्ठ्या एसटीतून उतरला तो काखेत हॉवरबोर्ड मारून, दोन चाकांमधली बिनहँडलची फळी! आता काखेत मावते ती सेगवे कशी असेल? आमच्याकडचं आय-टू मॉडेल ४७ किलोच्या आसपास भरतं, हॉवरबोर्ड दहा-बारा किलोचा. पण कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसं लेकरांना उभ्यानं पळणारं सगळंच सेगवे.

घोळ नावापुरता असता तर हसून सोडून दिला असता. पण एकीची सवय दुसरीवर वापरली की माणूस आपटतो.

दोन्हींचं मूळ मात्र एकच, आणि बैलगाडी लादलेल्या माणसाला ते लगेच समजतं. एकाच आसावर दोन चाकं. माल पुढं गेला तर धुरेवर भार येऊन बैलाची मान दबते, मागं गेला तर गाडी उलाळ होते, पुढून वर उचलते. इथं बैलाच्या जागी मोटर आहे. तुम्ही पुढं झुकलात की 'हा पडायला' असं ओळखून ती चाकं पुढं पळवते आणि तुमच्या पायाखाली आणते. मागं झुकलात की वेग कमी. वेगळा ब्रेक नाहीच. ज्या मोटरनं पळायचं तिनंच थांबवायचं, आणि तिनंच तुम्हाला उभंही धरायचं. ओझं, चढ, वेग, उतरलेली बॅटरी, सगळे तिच्याच ताकदीतून खातात. सगळी पळण्यातच गेली तर सावरायला काय उरणार?

ही वेळ येऊ नये म्हणून सेगवे बरीच धडपड करते. अमेरिकेतले संशोधक डीन केमेन यांनी २००१च्या डिसेंबरात ती जगापुढं आणली (उत्पादन २०२०मध्ये बंद झालं), तेव्हापासून तिच्यात महत्त्वाचे भाग जोडीनं आहेत. बॅटऱ्या दोन. एक बाजू दगावली तरी दुसरी तुम्हाला थांबेपर्यंत धरून ठेवते. वेग ताशी २० किलोमीटरच्या पुढं जायला लागला की हँडल मागं रेटतं. ते रेटणं म्हणजे नकार. काही नवरदेव त्यालाच जोर लावून पुढं वाकतात, म्हणून आम्ही गाडी कासवाचं चित्र असलेल्या नवशिक्या सेटिंगवरच देतो, ताशी १०. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, निदान वेग तरी हातात राहावा.

हॉवरबोर्डाला रेटायला हँडलच नाही. तो पिपाण्या वाजवतो, आणि स्वस्तातला असेल तर तेवढंही न करता मोटर सोडून देतो. तुम्ही पुढं झुकलेलेच असता, मग नाक थेट फरशीवर. शिवाय त्याच्या दोन फळ्या वेगवेगळ्या हलतात आणि प्रत्येकीचा सेन्सर वेगळा. उजवा चवडा दाबला आणि डावी टाच दाबली, की जागच्या जागी गिरकी. उतरताना नवखा एक पाय काढून खाली बघतो. खाली बघितलं की अंग पुढं जातं, उरलेल्या पायाखालची फळी पळते. दोन्ही गाड्यांवरून उतरायचं ते मागच्या बाजूनं, थांबून, नजर समोर ठेवून. सेगवेवरून उतरल्यावर ती बंद होईपर्यंत हँडल सोडायचं नाही. मोकळी सुटली तर ती एकटीच काही अंतर चालत जाते, पाहुण्यांच्या पंगतीतसुद्धा.

ओझ्याचं मी स्वतःवरून सांगतो. एका लग्नात घाई झाली म्हणून नारळांची पिशवी सेगवेच्या हँडलला उजवीकडं अडकवली आणि निघालो. दहा नारळ, पाच-सहा किलो सहज. ही सेगवे हँडल कलेल तिकडं वळते. गाडी आपली उजवीकडं उजवीकडं सरकायला लागली, मी डावीकडं ओढतोय, आणि शेवटी सनई-चौघड्यावाल्यांच्या सतरंजीत चाक घुसलं. नारळ वाचले, सनई वाचली, माझा गुडघा सोलला. पुस्तिकेत हँडलवरच्या सामानाची मर्यादा साडेचार किलो लिहिली आहे, हे मी नंतर वाचलं. माणूस आणि सामान धरून एकूण मर्यादा ११७ किलो. कमीतकमी वजनाचीही अट आहे, ४५ किलो, ती फार कुणाला माहीत नसते. गाडी थांबते ती तुमचं वजन मागं गेल्यावर. वजनच कमी असेल तर तिला थोपवणार कशानं?

हॉवरबोर्डावर सामान म्हणजे फक्त पाठीवरची सॅक, तीही दोन्ही पट्टे लावून. एका हातात पिशवी घेतली की अंग एका बाजूला कलतं, आणि एक फळी जास्त दाबली जाते.

कार्यालयातल्या फरशीवर दोन्हींना एकच वैरी: अक्षता. तांदळावर चाक घसरलं की पकड गेली, आणि पकडीशिवाय तोल नाही. मंडपातली साउंडची वायर सेगवेचं १९ इंची चाक ओलांडून जातं. हॉवरबोर्डाचं साडेसहा इंची चाक मात्र तिथंच अडतं, आणि तुम्ही पुढं जाता.

एक उलटं वाटणारं. फुल चार्ज करून लगेच लांब उतारावर सेगवे काढू नका. उतारावर मोटर वीज परत बॅटरीत भरते. ती आधीच भरलेली असेल तर वीज जायची कुठं? गाडी स्वतःला बंद करायच्या मागं लागते. चार्जिंग आधी चढावर थोडं खर्च करावं.

टेम्पोत चढवताना आधी स्विच बंद. चालू ठेवून उचललीत तर चाकं हवेत गरगरतात, बोटं सांभाळा. सेगवे दोघांनी खालून उचलायची, प्लॅस्टिकच्या मडगार्डला धरून नाही. मग आडवी करून पट्ट्यानं बांधायची. हॉवरबोर्ड एकट्यानं उचलतो, पण त्याची काळजी बॅटरीची. अमेरिकेत २०१६मध्ये बॅटरी पेट घेते म्हणून पाच लाखांवर हॉवरबोर्ड परत मागवले होते. यूएल २२७२ अशी विजेच्या सुरक्षेच्या मानकाची खूण असलेलाच घ्यावा, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात सोडू नये. सेगवेही धुतल्या तांदळाची नाही. बॅटरी उतरत आली की माणूस पडू शकतो म्हणून २००३मध्ये तिच्याही सुमारे सहा हजार गाड्या परत मागवल्या होत्या.

भाच्याला वजनकाट्यावर उभं केलं. ४१ किलो. म्हटलं, ४५ भरलास की सेगवे देतो, तोवर हॉवरबोर्ड, तोही हेल्मेट घालून. आठवड्यानं ताईचा फोन आला, "काय सांगून ठेवलास रे ह्याला? दोन-दोन भाकरी जास्तीच्या खायलाय."