चौघांसाठी घडलेल्या इटालियन जीटी: निवडीमागचा इतिहास

१९५१ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत लुइजी विल्लोरेसीची ४.१ लिटरची फेरारी पहिली आली. खरं आश्चर्य दुसऱ्या क्रमांकाचं होतं. जोव्हान्नी ब्राक्को आणि उंबेर्तो मालिओली या जोडीने ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा असा सुमारे १,६०० किलोमीटरचा रस्ता लॅन्चिया ऑरेलिया बी-२० या गाडीतून कापला होता. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, वर कायमचं छप्पर, मागे जुजबी का होईना पण बाक. त्याच वर्षी ट्युरिनच्या प्रदर्शनात मांडलेली ही गाडी पैसे मोजून कुणालाही घरी नेता येत होती.

आज जुनी, चार आसनांची इटालियन ग्रँड टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी किंवा जीटी, घ्यायची म्हणून शोध घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. इंजिनिअर व्हित्तोरियो यानोच्या देखरेखीखाली फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओने ऑरेलियासाठी व्ही-६, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ आकारात सहा सिलिंडर मांडलेलं, इंजिन तयार केलं. नियमित उत्पादनातल्या मोटारीत बसलेलं ते जगातलं पहिलं व्ही-६. गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ नेल्याने गाडीचा तोल सुधारला. दिवसभर वेगाने चालवूनही माणूस थकू नये आणि सामानाला जागा मिळावी, ही कल्पना इथे पहिल्यांदा नीट जमून आली.

मग रस्ते आले. मिलानपासून नेपल्सपर्यंतच्या ‘आउतोस्त्रादा देल सोले’ या महामार्गाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं आणि १९६४ मध्ये तो पूर्ण खुला झाला. उत्तर इटलीत कारखानदारी वाढत होती, हाती पैसा येत होता. दोन आसनांची गाडी हौसेने घेतलेल्या उद्योजकाला आता दोन मुलं होती. दुसरीकडे शर्यतींवर पैसा ओतणाऱ्या छोट्या कंपन्यांना टिकून राहण्यासाठी खपणारी गाडी हवी होती. मासेरातीचंच बघा. १९५७ मध्ये हुआन मान्युएल फांजिओ त्यांच्या २५०एफ या शर्यतीच्या गाडीतून विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षाअखेरीस पैशांअभावी कंपनीला स्वतःचा शर्यतीचा संघ गुंडाळावा लागला. तिला सावरलं ते इंजिनिअर जूलिओ आल्फिएरीच्या ३५०० जीटीने. तिच्या दोन हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. मागची जागा मात्र लहान मुलांपुरतीच.

मोठ्या संख्येने बनलेली पहिली चार आसनी फेरारी म्हणजे २५० जीटीई. १९६० च्या फ्रान्समधल्या ल मान्स शर्यतीत ती शर्यत-अधिकाऱ्यांची गाडी म्हणून मैदानात दिसली आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिसला रीतसर सादर झाली. बॉडी बनवणाऱ्या पिनिनफरिना कंपनीने तिची बॉडी बेतली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटरच ठेवून तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन सुमारे २० सेंटिमीटर पुढे सरकवलं आणि मागे दोन जागा काढल्या. १९६३ पर्यंत अशा साडेनऊशेच्या आसपास गाड्या बनल्या. फेरारीच्या मारानेलो गावातल्या कारखान्यात, जिथे एकेका मॉडेलच्या गाड्या थोड्याच बनायच्या, हा आकडा प्रचंड होता. त्याच काळात फेरारी २५० जीटीओ घडवत होती आणि शर्यतींचा खर्च डोक्यावर होता. तो पेलायला या कुटुंबवत्सल गाडीने मोठा हातभार लावला. रोमच्या पोलिसांकडेही एक काळी २५० जीटीई होती, चोर-दरोडेखोरांचा पाठलाग करायला.

आणि याच गाडीची पुढे सर्वांत जास्त आबाळ झाली. जीटीईचं इंजिन आणि यंत्रणा ज्या २५० कुळातली, त्याच कुळात जीटीओ आणि आखूड चॅसिसची (सांगाड्याची) २५० जीटी बर्लिनेत्ता ही बंद छपराची गाडी येतात. जीटीओ बनल्या अवघ्या ३६. त्यांच्या किमती चढू लागल्या तेव्हा चार आसनी जीटीई स्वस्तात पडून होत्या. लोकांनी त्या घेतल्या, बॉडी काढून टाकली, चॅसिस २,४०० मिलिमीटरपर्यंत कापली आणि वर जीटीओची नक्कल चढवली. किती धडधाकट गाड्यांचा असा बळी गेला, याचा विचार करून आजही वाईट वाटतं. ज्या गाडीच्या कमाईवर जीटीओचं घर चाललं, तिलाच सोलून जीटीओच्या प्रतिकृती झाल्या. म्हणून आज एखादी जीटीई समोर आली की मी आधी तिच्या इंजिनाचा क्रमांक चॅसिसच्या नोंदीशी जुळतो का ते विचारेन. अनेकींची इंजिनं केव्हाच दुसऱ्या गाड्यांत गेली आहेत.

तिच्यानंतर १९६४ मध्ये चार लिटरची ३३० जीटी २+२ (पुढे दोन, मागे दोन जागा) आली. सुरुवातीच्या गाड्यांना समोर चार दिवे होते, ते पुष्कळांना खटकले. १९६५ च्या दुसऱ्या मालिकेत दोन दिवे आले आणि आजही खरेदीदार तीच जास्त मागतात. चार दिव्यांचा तो चेहरा मला मात्र मनापासून आवडतो, आणि नावडता असल्याने तो तुलनेने कमी पैशांत मिळतो. १९६७ ची ३६५ जीटी २+२ आकाराने आणखी मोठी होती. पॉवर स्टीअरिंग आणि मागच्या बाजूला स्वतःहून उंची सांभाळणारं सस्पेन्शन तिला होतं.

मारानेलोहून दूर, मिलानजवळच्या ब्रेस्सो गावात, वेगळंच काही घडत होतं. रेन्झो रिव्होल्ता आधी फ्रिज बनवायचे, मग स्कूटर, मग इझेट्टा ही चिमुकली गाडी, जिचा परवाना बीएमडब्ल्यूने घेतला. त्यांनी ठरवलं की चांगली जीटी बनवायची, पण इंजिन असं बसवायचं की मालकाला मेकॅनिकच्या दारात खेटे घालायला लागू नयेत. १९६२ मध्ये ट्युरिनला त्यांच्या इझो कंपनीची इझो रिव्होल्ता आयआर-३०० आली. आत शेव्हरोलेट कॉर्व्हेटचं ५.४ लिटरचं व्ही-८, मागे चाकं रस्त्यावर सरळ टेकलेली ठेवणारा द दियों पद्धतीचा अ‍ॅक्सल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. बर्टोनी या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या तरुण जॉर्जेत्तो जुजारोने तिचं रूप रेखाटलं. चार मोठी माणसं तिच्यात खरोखर बसतात.

तिची चॅसिस घडवणारे इंजिनिअर होते जोत्तो बिझ्झारिनी. २५० जीटीओच्या जडणघडणीत त्यांचा हात होता. १९६१ मध्ये फेरारीतल्या मोठ्या वादळात ते बाहेर पडले आणि नंतर त्यांनीच लॅम्बोर्गिनीचं पहिलं व्ही-१२ आखलं. एका माणसाच्या कामातून या तीनही घराण्यांचे धागे जातात. इझोची जीटीई किंवा लॅम्बोर्गिनीशी तुलना करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. अमेरिकन इंजिन म्हणून इझोला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही.

रेन्झो १९६६ मध्ये वारले. मुलगा पिएरोने कारभार हाती घेतला, पुढे बर्टोनीकडून इझो लेले करून घेतली, पण १९७४ मध्ये कंपनी बंद पडली.

आता लॅम्बोर्गिनी. ट्रॅक्टरचे कारखानदार फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९६३ मध्ये सान्त आगाता बोलोन्येझे इथे मोटारी बनवायला घेतल्या आणि १९६६ मध्ये ४०० जीटी २+२ आली. मार्च १९६७ मध्ये जिनिव्हाला बर्टोनीने मार्झाल नावाची काचेच्या दारांची चार आसनी संकल्पना-गाडी मांडली. तिचा आराखडा मार्चेल्लो गांदिनीचा. त्याच वर्षी मोनॅको ग्रां प्रीच्या आधी तिथले प्रिन्स रेनिये आणि त्यांची पत्नी ग्रेस यांनी तिच्यातून फेरी मारली. मार्झाल एकच बनली, पण मार्च १९६८ मध्ये तिच्यातूनच एस्पादा उभी राहिली. पुढे ३.९ लिटरचं व्ही-१२, सहा दुहेरी वेबर कार्ब्युरेटर, शेपटीला मागचं दिसावं म्हणून उभी काच. उंची सव्वा मीटरहूनही कमी, तरी मागे दोन मोठी माणसं ऐसपैस बसतात. एवढ्या बसक्या गाडीत एवढी जागा काढणं ही गांदिनीची करामत. एस्पादासारखी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही आणि तिच्यावर माझा जीव आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

१९७८ पर्यंत बाराशेहून अधिक एस्पादा बनल्या. तोवरची सर्वाधिक खपलेली लॅम्बोर्गिनी तीच. तिच्या तीन मालिका ओळखायला शिकावं. पहिलीत रूप सर्वांत निर्भीड, तर १९७२ नंतरच्या तिसरीत पॉवर स्टीअरिंग आणि वापरायला सोपा डॅशबोर्ड. पण याच काळात कंपनीची घडी विस्कटत होती. १९७२ मध्ये फेरुच्चोंनी बहुतांश वाटा विकला, १९७४ मध्ये उरलेलाही, आणि १९७८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून तिसऱ्या मालिकेची गाडी तपासताना कारखान्यातली जुळणी कशी झाली आहे, हे गाडीगणिक बघावं लागतं.

मासेरातीचीही दैना काही कमी नव्हती. १९६६ ची मेक्सिको ही गाडी दणकट आणि देखणी होती. १९६८ मध्ये सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने ताबा घेतला आणि त्याच सुमारास इंडी ही गाडी आली. विल्बर शॉने १९३९ आणि १९४० मध्ये मासेरातीतून जिंकलेल्या इंडियानापोलिस शर्यतींची आठवण म्हणून हे नाव. तिची बॉडी बनवणाऱ्या अल्फ्रेडो व्हिन्यालेंचा १९६९ मध्ये अपघाती मृत्यू झाला. १९७५ मध्ये सिट्रोएनने मासेराती अवसायनात काढली आणि मोटार-उद्योजक आलेहान्द्रो दे तोमासोंनी ती सरकारी मदतीने वाचवली.

हे सगळं ज्या आपत्तीने एकदम उघडं पडलं ती म्हणजे १९७३ चं तेलसंकट. डिसेंबरपासून इटलीत रविवारी खासगी गाड्या चालवायला बंदी आली. पाठोपाठ दोन लिटरच्या वरच्या मोटारींवर जबर कर बसला. फेरारीने देशांतर्गत बाजारासाठी आपल्या चार आसनी ३०८ जीटी४ ची दोन लिटरची आवृत्ती काढली, ती याच कारणाने. मोठ्या जीटीला घरचं गिऱ्हाईक उरलं नाही.

टिकली ती फक्त फेरारीची मोठी चार आसनी, कारण १९६९ मध्ये फियाटने फेरारीत निम्मा वाटा घेतला होता. तीच फियाट, जिची ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघून पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. फियाटच्या या आधारावर १९७२ ची ३६५ जीटी४ २+२, १९७६ ची ४००, मग ४००आय आणि ४१२ असा एकच आकार १९८९ पर्यंत चालू राहिला. एकूण सुमारे २,९०० गाड्या. ४०० ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळालेली पहिली फेरारी. तो गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा, म्हणून दुरुस्तीला सोपा. इंजिनाचं मात्र तसं नाही. ही गाडी वर्षानुवर्षं सर्वांत स्वस्त व्ही-१२ फेरारी राहिली. स्वस्त म्हणून अनेकांनी घेतली आणि देखभाल न झेपल्याने तशीच उभी ठेवली. म्हणून तिच्या बाबतीत कमी किलोमीटरपेक्षा सलग सर्व्हिसची बिलं जास्त मोलाची.

बॉडी बनवणाऱ्या कंपन्याही गेल्या. मिलानची तूरिंग १९६६ मध्ये बंद झाली, व्हिन्यालेचा कारखानाही पुढे बंद पडला, बर्टोनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. या कारागिरांनी प्रत्येक गाडीचा पत्रा बऱ्याच अंशी हाताने ठोकून बसवला होता, त्यामुळे एका एस्पादाचं दार दुसरीला न छाटता बसेलच असं नाही. तूरिंगच्या ३५०० जीटीत पोलादी नळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, आणि दोन धातू जिथे टेकतात तिथे आतून क्षरण होतं. म्हणून कुठल्याही गाडीत इंजिनाआधी दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी आणि डिक्कीचा तळ बघावा. इंजिनाचे भाग पुन्हा ओतून घेता येतात, पण सडलेली बॉडी मूळ रेषेत परत आणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांच्याकडे रांग मोठी आहे.

वर्षातून चार-दोन लांबचे प्रवास करायचे आणि बाकी वेळ गाडी बिनघोर सुरू व्हावी अशी इच्छा असेल, तर मी इझो रिव्होल्ताच सुचवेन. तिच्या इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिची निर्माती कंपनी बंद झाल्याने कारखान्याचा आधार मात्र नाही. दिवे, काचा आणि आतल्या सजावटीच्या भागांसाठी मालकांच्या संघटनांवर अवलंबून राहावं लागतं. एस्पादा घेणाऱ्याला २०१५ पासून लॅम्बोर्गिनीच्या पोलो स्तोरिको विभागातून जुन्या नोंदी तपासून मिळतात. सौदा पक्का करण्याआधी चॅसिस क्रमांक देऊन मूळ रंग, आतलं कातडं आणि इंजिनाचा क्रमांक तिथून मागवून घ्यावा.