निकालाचा कागद उलटा करून वाचा

एमएचटी-सीईटी (पीसीएम) सराव चाचणी देणारे विद्यार्थी आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्याकडे पेपर दिला की दुसऱ्या दिवशी तुम्हाला पाठपोट छापलेला एक कागद मिळतो. पुढच्या बाजूला २०० पैकी पडलेले मार्क असतात. बहुतेक जण तेवढं बघून घडी घालतात आणि कागद खिशात टाकतात. कामाचा मजकूर मागच्या बाजूला असतो: प्रत्येक प्रश्नाला लागलेले सेकंद, तुमचं उत्तर, ते बदललं असेल तर आधीचं उत्तर, आणि प्रश्न अकरावीचा की बारावीचा. हे माहितीपत्रक त्या मागच्या बाजूबद्दल आहे.

आधी कोरे प्रश्न मोजा

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही प्रत्येक बॅचमध्ये प्रश्न कोरे सोडणारी मुलं असतात, विशेषतः सोबत जेईईची तयारी करणारी. तिथे चुकीच्या उत्तराला एक मार्क कापला जातो, तीच सवय इथे येते. मॅथ्सचे १६ प्रश्न कोरे राहिले आणि त्यांवर डोळे मिटून चारपैकी एक पर्याय निवडला, तर सरासरीने ४ बरोबर येतात. मॅथ्सचा प्रश्न २ मार्कांचा, म्हणजे ८ मार्क. अभ्यास न वाढवता मिळणारे मार्क एवढेच, पण ते तरी सोडू नका. शेवटची दोन मिनिटं यासाठी राखून ठेवा.

फिजिक्स-केमिस्ट्रीचं एकच घड्याळ

पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मग मॅथ्सचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, इथे प्रश्नाला १०८ सेकंद. पहिल्या भागात वाचलेला वेळ मॅथ्सला मिळत नाही, पण फिजिक्स आणि केमिस्ट्रीने आपसात वेळ कसा वाटून घ्यायचा हे तुमच्या हातात आहे.

कागदावरच्या सेकंदांची विषयवार बेरीज करा. समजा फिजिक्सवर ६५ मिनिटं गेली. मग केमिस्ट्रीला उरली २५, म्हणजे प्रश्नाला ३० सेकंद. अशा मुलाला केमिस्ट्रीत कमी मार्क पडतात आणि घरचे केमिस्ट्रीची शिकवणी शोधू लागतात. दुखणं मात्र फिजिक्समधल्या त्या सहा-सात प्रश्नांत असतं, ज्यांवर प्रत्येकी तीन-तीन मिनिटं खर्च झाली आणि तरी उत्तर चुकलं. अडीच मिनिटांच्या वर वेळ घेऊन चुकलेल्या प्रश्नांना लाल गोल करा. पुढच्या पेपरमध्ये असा प्रश्न ओळखून सोडून द्यायला शिकलात, तरी या पेपरची फी वसूल झाली.

तुक्का लागला तरी तो तुक्काच

रफ कागदावर प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यापुढे ‘ख’ किंवा ‘तु’ लिहा: खात्री की तुक्का. हे पेपर सोडवतानाच करायचं. निकाल बघून आठवायला गेलात, तर सगळ्याच बरोबर उत्तरांची आधीपासून खात्री होती असं वाटू लागतं. बरोबर आलेले ‘तु’ अभ्यासाच्या दृष्टीने चुकलेलेच धरा.

याचा आणखी एक उपयोग आहे. मॅथ्समध्ये २० तुक्के मारले, तर एखाद्या पेपरला ३ लागतील, एखाद्याला ७. तेवढ्यानेच ८ मार्कांचा फरक पडतो. गेल्या वेळी ११२, या वेळी १०४ म्हणून घरात सुतकी चेहरे करण्याआधी दोन्ही पेपरमधले ‘ख’ किती आणि त्यातले बरोबर किती, ते बघा.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द इथे चालणार नाही

चर्चेला बसल्यावर सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो तो हाच शब्द. तो उच्चारला की पुढे विचार करायची गरज संपते, म्हणून आमचा त्याच्यावर राग आहे. नेमकी काय चूक झाली, ते चुकांच्या वहीत नीट लिहा.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. वायूचं तापमान २७ अंश सेल्सिअसवरून १२७ अंशांवर नेलं, तर रेणूंच्या आरएमएस वेगांचं गुणोत्तर किती? ३०० आणि ४०० केल्विन घ्यायचे, उत्तर √३ : २. मुलगा २७ आणि १२७ घेऊन मोकळा होतो आणि म्हणतो, सर, सिली मिस्टेक. तीन आठवड्यांनी रेडिएशनच्या प्रश्नात, जिथे तापमानाचा चौथा घात घ्यायचा असतो, तिथेही तो सेल्सिअसच घेतो. अशी चूक निष्काळजीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. सूत्रातलं ‘टी’ म्हणजे केल्विनमधलं तापमान, हे त्याच्या हाताला अजून बसलेलं नाही. वहीत ‘सेल्सिअस घेतलं’ असं लिहिलं असतं, तर दुसऱ्या वेळी लगेच सापडलं असतं.

‘चूक असलेला पर्याय निवडा’ मधला ‘चूक’ वाचला नाही, मोलॅलिटीच्या जागी मोलॅरिटी घेतली, सूत्र आठवलं पण चिन्ह उलटं, धडाच वाचलेला नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं. धडा वाचलेला नसेल तर बालभारतीचं पुस्तक उघडा; आणखी दहा पेपर सोडवून तो धडा येणार नाही.

अकरावीचा रकाना वेगळा छापतो, कारण साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक प्रकरणांतून येतात आणि बारावीच्या गडबडीत तेच मागे पडतात.

पर्सेंटाइल आम्ही का छापत नाही

पालक विचारतात म्हणून सांगतो. सीईटीचं पर्सेंटाइल तुमच्या शिफ्टमध्ये बसलेल्या सगळ्यांच्या तुलनेत निघतं. आमच्याकडे एका बॅचला जेमतेम वर्गभर मुलं. तेवढ्यांतून काढलेल्या ९८ पर्सेंटाइलला काही अर्थ नाही. तो आकडा छापला तर आमची जाहिरात छान होईल, हे खरं.

पुढचा पेपर कधी?

चुकलेले आणि ‘तु’वाले प्रश्न उत्तरं झाकून पुन्हा सोडवून झाल्यावर. एकदा लगेच, एकदा चार-पाच दिवसांनी. उत्तरसूची वाचून ‘हो, हे येत होतं’ म्हणणं म्हणजे सोडवणं नव्हे. हे सगळं करायला आठवडा सहज लागतो, म्हणून आठवड्याला एकापेक्षा जास्त पेपर आम्ही देत नाही, जादा पैसे भरायची तयारी असली तरी.

चर्चेची वेळ प्रत्येकाला वीस मिनिटं, निकालाच्या दिवशीच ठरवून घ्या. येताना लाल गोल केलेला कागद, चुकांची वही आणि रफ कागद आणा. रफ कागद फेकून दिलेला असेल तर निम्मी चर्चा अंदाजावरच होते. पालक सोबत आले तर चांगलंच. बोलू मात्र मुलांना द्या.