जर्मन भाषाशिक्षणातील कोडी व खेळ

माध्यमिक शाळेत जर्मन ही परकीय भाषा म्हणून शिकवताना शब्द, व्याकरण आणि संभाषण पक्के व्हावे यासाठी कोडी, पत्ते, पटावरचे खेळ व तोंडी खेळ यांचा केला जाणारा योजनाबद्ध वापर. जर्मन शिक्षक अशा खेळांना ‘श्प्राखश्पील’ (भाषेचा खेळ) किंवा ‘लेर्नश्पील’ (शिकण्याचा खेळ) म्हणतात. तास संपायला पाच मिनिटे उरली की फळ्यावर ‘गाल्गेनमेन्शेन’ घेतात, म्हणजे एकेक अक्षर सुचवत लपलेला शब्द ओळखायचा. हा या पद्धतीचा सर्वांत परिचित आणि सर्वांत दुबळा प्रकार होय. त्यात मुले अक्षरे उच्चारतात, वाक्य एकही बोलत नाहीत. जे रूप शिकवायचे ते जर्मनमध्ये बोलल्याशिवाय किंवा समजून घेतल्याशिवाय पुढची चालच करता येऊ नये, अशी रचना असेल तरच खेळ अध्यापनाचे साधन ठरतो. मुक्याने किंवा मातृभाषेत जिंकता येणारा खेळ करमणूक म्हणून ठीक आहे. त्याने जर्मन येत नाही.

खेळातून भाषा शिकवण्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने लॅटिनचे पाठ विद्यार्थ्यांकडून नाटकासारखे करवून घेतले. योहान बेर्नहार्ड बासेडो याने १७७४ साली डेसाऊ येथे ‘फिलान्थ्रोपिनुम’ ही शाळा काढली. तिथे लॅटिनसाठी हुकमांचा खेळ होता : शिक्षक लॅटिनमध्ये ‘डोळे मिटा’, ‘शिंप्याची नक्कल करा’ असे सांगत आणि मुले तसे करून दाखवत. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात हालचालींतून भाषा शिकवण्याची जी पद्धत मांडली, तिचे बीज या खेळात स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात मात्र माध्यमिक शाळांत व्याकरण-भाषांतर पद्धत रुजली, रूपांचे तक्ते पाठ करणे म्हणजे भाषा शिकणे असे समीकरण झाले आणि खेळ लहान मुलांच्या वाट्याला गेला. मोठ्या मुलांच्या भाषावर्गात तो परतला तो १९७० नंतर, संवादाला महत्त्व देणाऱ्या अध्यापनपद्धतीबरोबर. समोरच्याकडे असलेली माहिती आपल्याकडे नसेल तरच प्रश्न विचारण्यात अर्थ असतो, हे त्या पद्धतीचे सूत्र. आणि चांगल्या खेळात ही माहितीची दरी आपोआप असते. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषांच्या सामायिक संदर्भ चौकटीत (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांची चौकट) भाषेच्या खेळकर वापरासाठी स्वतंत्र उपविभाग आहे. त्यात सामूहिक खेळ, एकट्याने सोडवायची कोडी आणि शाब्दिक विनोद या सगळ्यांची दखल घेतली आहे.

जर्मनच्या बाबतीत खेळ विशेष उपयोगी पडतात, कारण या भाषेतल्या बऱ्याच अडचणी जागेच्या आणि जुळणीच्या आहेत. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे, गौण वाक्यात शेवटी. नामांना तीन लिंगे आहेत आणि प्रत्येक नामाबरोबर ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘दास’ हे उपपद लक्षात ठेवावे लागते. चार विभक्तींत ही उपपदे बदलतात. जागा आणि जुळणी हाच मुळात पट, पत्ते आणि कोडी यांचा विषय असल्यामुळे व्याकरणाचा नियम खेळाचा नियम होऊन बसतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘जिवंत वाक्य’. चार मुले हातात एकेक मोठा कागद धरून वर्गासमोर ओळीने उभी राहतात : मारी – श्पील्ट – हॉयटे – फुसबाल (मारी आज फुटबॉल खेळते). आता ‘हॉयटे’वाल्या मुलाला सर्वांत पुढे जायला सांगायचे. क्रियापद धरलेली मुलगी दुसरी होती, ती आता तिसरी झाली. तिला आपली जागा सोडता येत नाही, म्हणून ‘मारी’ला तिला ओलांडून पलीकडे जावे लागते. वाक्य होते : हॉयटे श्पील्ट मारी फुसबाल. मग ‘वाइल’ (कारण) हा कागद घेऊन पाचवा विद्यार्थी येतो. तो ओळीच्या सुरुवातीला उभा राहिला, शब्द पुन्हा मूळ क्रमाने लागले, की क्रियापदाला चालत शेवटच्या टोकाला जावे लागते : वाइल मारी हॉयटे फुसबाल श्पील्ट. ‘आनरूफेन’ (फोन करणे) यासारख्या विभाज्य क्रियापदासाठी एकच कागद फाडून दोघांना देतात. ‘रूफ्ट’ दुसऱ्या स्थानी आणि ‘आन’ अगदी शेवटी. भूतकाळात दोन्ही तुकडे परत एकत्र येतात आणि मध्ये ‘गे’ घुसतो : आनगेरूफेन. पाहणाऱ्या वर्गाने चूक दिसताच जर्मनमध्ये हाक मारून माणूस हलवायचा. या वयाची मुले बाकावर बसून कंटाळलेली असतात. शरीर हलले की क्रम लक्षात राहतो.

विभक्तींसाठी पत्त्यांचे खेळ सर्वांत कामाचे. जर्मन घरांत खेळला जाणारा ‘क्वार्टेट’ हा एकाच गटाची चार पाने जमवण्याचा डाव आहे. हवे ते पान नाव घेऊन समोरच्याकडे मागायचे असते. शिक्षकाने पाळीव प्राणी, कपडे, दप्तरातल्या वस्तू असे गट केले की मागणीचे वाक्य द्वितीयेतच येते : ‘हास्ट डू डेन हुंट?’ (तुझ्याकडे कुत्रा आहे का?). उत्तर ‘नाइन, इश हाबे काइनेन हुंट’. एका डावात हे रूप प्रत्येक मूल कितीतरी वेळा बोलते आणि बदल फक्त पुल्लिंगात (‘डेर’चे ‘डेन’) होतो हे त्याला स्वतःलाच कळते. ‘इश पाके माइनेन कोफर’ (मी माझी बॅग भरतो) हा तोंडी खेळही याच रूपावर चालतो. प्रत्येकाने आधीच्या सगळ्या वस्तू क्रमाने सांगून आपली एक भर घालायची : आइनेन शिर्म (छत्री), आइने लाम्पे (दिवा), आइन बूख (पुस्तक). जोड्या लावण्याचा ‘मेमरी’ हा खेळ राफेन्सबुर्गर या जर्मन प्रकाशनाने १९५९ मध्ये बाजारात आणला. वर्गात तो चित्र-शब्द जोड्यांसाठी वापरतात. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल आणि नपुंसकलिंगाला हिरवा रंग देतात. सुरुवातीला हे रंग पत्त्यांवर ठेवावेत आणि लवकरच काढून टाकावेत, नाहीतर मुले रंग ओळखतात, लिंग नव्हे. जोडी सापडली तरी पूर्ण वाक्य बरोबर बोलल्याशिवाय ती ठेवून घेता येणार नाही, एवढा एक नियम वाढवला की साध्या स्मरणखेळाचे रूप पालटते.

जहाजे बुडवण्याचा ‘शिफे फेरझेंकेन’ क्रियापदांच्या रूपांसाठी उत्तम. तक्त्यात उभ्या ओळीत इश (मी), डू (तू), एर (तो), वीर (आम्ही) अशी सर्वनामे आणि आडव्या ओळीत फारेन (वाहनाने जाणे), लेझेन (वाचणे), एसेन (खाणे) अशी क्रियापदे लिहायची, प्रत्येकाने आपल्या कागदावर जहाजे लपवायची. नेम धरायचा तर ‘डू फेर्स्ट’ असे रूप म्हणावे लागते; ‘डू फार्स्ट’ म्हटले तर गोळा पाण्यात. नेहमीच्या रूपलेखनाच्या कंटाळवाण्या सरावाइतकाच सराव होतो, पण इथे मुले एकमेकांच्या रूपांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. स्थानवाचक नऊ अव्ययांसाठी (आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, युबर, उंटर, फोर, त्स्विशेन) वस्तू लपवण्याचा खेळ घेतात. ‘किल्ली टेबलाखाली ठेव’ असे सांगताना द्वितीया येते : उंटर डेन टिश. ‘किल्ली टेबलाखाली आहे का?’ असे विचारताना चतुर्थी : उंटर डेम टिश. लपवणारा गट पहिले रूप वापरतो, शोधणारा दुसरे. हा भेद समजावण्यासाठी याहून सोपा मार्ग शोधूनही सापडणार नाही.

वरच्या इयत्तांत बालिश वाटणारे खेळ मुले मनातून नाकारतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना डावपेच, संशय आणि वाद हवा असतो. त्यांच्यासाठी ‘आलिबी’ हा चौकशीचा खेळ फार चांगला. काल रात्री आठ ते दहाच्या दरम्यान चोरी झाली आहे आणि दोघांवर संशय आहे. दोघे बाहेर जाऊन, आपण त्या वेळी एकत्र होतो अशी कहाणी रचतात. मग एकेकाला आत बोलावून वर्ग उलटतपासणी घेतो. ‘वो वार्ट ईर?’ (तुम्ही कुठे होता?), ‘वास हास्ट डू बेश्टेल्ट?’ (तू काय मागवलेस?), ‘वी झाइट ईर नाख हाउझे गेकोमेन?’ (घरी कसे आलात?). पहिला म्हणतो, ‘वीर झिंट मिट डेम बुस गेफारेन’, बसने गेलो. दुसरा म्हणतो, ‘वीर झिंट त्सू फूस गेगांगेन’, पायी गेलो. आणि वर्गात एकच गलका होतो. भूतकाळात कुठे ‘हाबेन’ आणि कुठे ‘झाइन’ हे साहाय्यक क्रियापद लागते याचा इतका भरघोस सराव कुठल्याही स्वाध्यायात होत नाही. शिवाय इथे ऐकणाऱ्यालाही काम आहे : पहिल्याचे उत्तर नीट ऐकले नाही तर दुसऱ्याची थाप पकडता येत नाही.

कोडी हा स्वभावाने शांत प्रकार आहे आणि लाजऱ्या मुलांना तो मानवतो. शब्दकोड्याचा जन्म जर्मनीबाहेरचा. आर्थर विन याचे पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले. जर्मनमध्ये त्याला ‘क्रॉइत्सवोर्टरेट्सेल’ म्हणतात. तिथल्या वृत्तपत्रांतल्या कोड्यांत उमलाउट (स्वराचा उच्चार बदलणारी वरची दोन टिंबे) असलेल्या स्वरासाठी मूळ स्वर आणि पुढे ई हे अक्षर अशी दोन घरे भरतात. वर्गात ही सवलत घेऊ नये. ‘शोन’ (आधीच) आणि ‘श्योन’ (सुंदर) यांत उमलाउटचाच फरक आहे, म्हणून त्याला एकच घर आणि त्यावर दोन टिंबे द्यावीत. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात, तेही चौकोनात सगळीच अक्षरे मोठी असल्याने झाकले जाते आणि लिंग तर विचारलेच जात नाही. म्हणून सुटलेले शब्द बाजूला उपपदासह पुन्हा लिहून घ्यावेत. याहून सरस म्हणजे जोडीचे शब्दकोडे. अर्धे शब्द एकाकडे, अर्धे दुसऱ्याकडे. सूचना कुठेही छापलेल्या नाहीत. ‘त्स्वाइ वागरेश्ट?’ (दोन आडवा काय?) असे विचारले की समोरच्याने तो शब्द न उच्चारता जर्मनमध्ये समजावून सांगायचा.

तर्ककोड्यांना जर्मन शिक्षक ‘लोगिकाल’ म्हणतात. पाच घरे, पाच माणसे, त्यांचे प्राणी आणि पेये, आणि झेब्रा कोणाचा हे शोधायचे, असे कोडे १९६२ मध्ये ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आले होते. जर्मनमध्ये ते आइन्स्टाइनचे कोडे म्हणून ओळखले जाते, पण ते आइन्स्टाइनने रचल्याचा पुरावा नाही. ‘डॉक्टर लाल घराशेजारी राहतो’ अशा वाक्यात ‘नेबेन डेम रोटेन हाउस’ हे नीट वाचले नाही तर उत्तर चुकते. वाचनाचा इतका काटेकोर सराव उताऱ्याखालच्या प्रश्नांतून क्वचितच होतो.

जोडशब्द हे जर्मनचे वैभव, आणि त्यांच्यासाठी डोमिनो किंवा शब्दांच्या भेंड्या घेतात : हाउसट्यूर (घराचे दार), ट्यूरश्लॉस (दाराचे कुलूप), श्लॉसगार्टेन (राजवाड्याची बाग), गार्टेनहाउस (बागेतले घर). जोडशब्दाचे लिंग शेवटच्या पदावरून ठरते, म्हणून ‘दास हाउस’ आणि ‘डी ट्यूर’ मिळून ‘डी हाउसट्यूर’. याच साखळीत ‘श्लॉस’ कुलूपही झाले आणि राजवाडाही. अशा दुहेरी अर्थाच्या शब्दांवर ‘टीकेसेलशेन’ नावाचा स्वतंत्र खेळच आहे : दोघे एकाच शब्दाच्या दोन अर्थांचे वर्णन आळीपाळीने करतात आणि बाकीच्यांनी शब्द ओळखायचा.

पटावरच्या खेळांत ‘मेन्श एर्गेरे डिश निश्ट’ (गड्या, रागावू नकोस) हा जर्मनीचा घरोघरी पोचलेला खेळ. योझेफ फ्रीड्रिख श्मिट याने म्युनिकमध्ये तो घडवला आणि १९१४ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. पहिल्या महायुद्धात त्याचे ३,००० संच लष्करी रुग्णालयांना पाठवले गेले. फासा आणि सोंगट्या यांच्या जोरावर हा खेळ एकही शब्द न बोलता संपू शकतो, त्यामुळे तो जसाच्या तसा वर्गात आणण्यात अर्थ नाही. घरांवर प्रश्नपत्रे ठेवली, आणि फळ्यावर ‘डू बिस्ट ड्रान’ (तुझी पाळी), ‘व्युर्फेल नोख आइनमाल’ (पुन्हा फासा टाक), ‘दास गिल्ट निश्ट’ (हे चालणार नाही), ‘इश झेत्से आउस’ (मी एक पाळी थांबतो) ही वाक्ये लिहून ठेवली, तर भांडणसुद्धा जर्मनमध्ये होते. अशी वाक्ये मुले न शिकवता उचलतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात.

या पद्धतीच्या मर्यादा खऱ्या आहेत. बाद होण्याच्या खेळात ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच आधी बाहेर बसतो. माध्यमिक वर्गात असे खेळ घेऊच नयेत, गुण वजा करावेत पण खेळाडू वजा करू नये. वेगाच्या स्पर्धेत दोन-तीन हुशार मुलेच बोलतात, म्हणून गटातून कोण उत्तर देईल हे चिठ्ठीने ठरवणे बरे. नियम समजावण्यात अर्धा तास गेला तर खेळ फसला. एक डाव सर्वांसमोर खेळून दाखवणे हेच सर्वोत्तम स्पष्टीकरण. खेळ चालू असताना शिक्षकाने लक्ष्य रूपातल्या चुका तेवढ्या अडवाव्यात, बाकीच्या टिपून ठेवून नंतर फळ्यावर घ्याव्यात. खेळानंतर चार-पाच वाक्ये वहीत उतरवली नाहीत तर पुढच्या तासाला फारसे काही उरत नाही.

परीक्षेशी या सगळ्याचा संबंध नाही, हा समज चुकीचा आहे. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या दहा ते सोळा वयोगटासाठीच्या ‘फिट इन डॉइच १’ या ए१ पातळीच्या परीक्षेत तोंडी भागात विद्यार्थी शब्द लिहिलेले कार्ड उचलतो, त्यावरून प्रश्न तयार करतो आणि शेजारच्याने उत्तर द्यायचे असते. ‘क्वार्टेट’ खेळलेल्या मुलाला हे ओळखीचेच वाटते.

अलीकडे काहूट, क्विझलेट, लर्निंगॲप्स यांसारखी डिजिटल साधने वर्गात आली आहेत. शब्दांची उजळणी आणि उपपदांचा झटपट सराव यांसाठी ती सोयीची. चूक लगेच कळते आणि मूल घरीही खेळू शकते. पण चार पर्यायांतला एक दाबणे म्हणजे ओळखणे. रूप स्वतः घडवणे नव्हे. पडद्यावर बरोबर उत्तर उजळले की विजेत्या गटाने ते पूर्ण वाक्यात मोठ्याने म्हणावे, तेव्हाच गुण मिळावेत, असा नियम काही शिक्षक लावतात. कुलूपबंद खोलीतून सुटण्याच्या खेळाची वर्गातली आवृत्ती या बाबतीत अधिक समृद्ध आहे : ट्रेनचे वेळापत्रक, फोनवरचा निरोप, फाटलेले पत्र आणि संख्येचे कुलूप. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. ‘झीबेनउंटफिअर्त्सिश’ म्हणजे ४७ ऐकून ज्याने घाईत ७४ लावले, त्याचे कुलूप उघडत नाही आणि गटाला निरोप पुन्हा ऐकावा लागतो.